पहाऱ्यातली फट: ‘शॅडो टॅक्टिक्स’ समजून घेताना

‘शॅडो टॅक्टिक्स: ब्लेड्स ऑफ द शोगुन’ हा लपूनछपून डाव साधण्याचा गेम पहिल्यांदा खेळायला बसणाऱ्याच्या बाबतीत पहिल्या तासाभरात बहुधा एकच गोष्ट पुन्हापुन्हा घडते, ती म्हणजे तो पकडला जातो. झुडपातून दबकत बाहेर यावे, पाठमोऱ्या पहारेकऱ्याला आडवे करावे आणि आता सुटलो असे वाटेपर्यंत पलीकडून कोणीतरी ओरडावे. मग चारी बाजूंनी माणसे धावून यावीत आणि मोहीम फसल्याची पाटी पडद्यावर झळकावी, असे दहा वेळा झाले की हा गेम उगीचच छळणारा आहे असे खेळणाऱ्याचे मत होते. ते मत चुकीचे आहे, हे पटवून देण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे. कठीण गेम पुष्कळ आहेत, परंतु त्यांतले बरेचसे काही ना काही दडवून ठेवल्यामुळे कठीण झालेले असतात. या गेममध्ये जवळजवळ सगळे डोळ्यांसमोर मांडलेले असते आणि तरीही वाट सापडत नाही. अडचण कुठे आहे हे एकदा कळले की पकडले जाणे थांबत नाही, पण आपण का पकडले गेलो हे मात्र दर वेळी सांगता येते.

म्युनिकच्या मिमिमी या छोट्या स्टुडिओने तयार केलेला हा गेम डिसेंबर २०१६ मध्ये संगणकासाठी आला. तो ज्या घराण्यातला आहे त्या घराण्याची सुरुवात १९९८ साली ‘कमांडोज: बिहाइंड एनिमी लाइन्स’ या स्पॅनिश गेमने झाली होती. वरून तिरपा दिसणारा मोठा नकाशा, त्यावर पेरलेले डझनावारी शत्रू आणि आपल्या हाती अवघी चार-पाच माणसे, प्रत्येकाचे कसब निराळे, हा या घराण्याचा साचा आहे. त्या काळी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘कमांडोज’ खेळलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. जर्मनीतच बनलेल्या ‘डेस्पेराडोज’ने २००१ मध्ये हा साचा अमेरिकेच्या रानटी पश्चिमेत नेला. पुढे त्याला ओहोटी लागली आणि दशकभर या प्रकाराकडे फारसे कोणी फिरकले नाही. मिमिमीने तो पुन्हा उभा केला व त्यासाठी जपान निवडला. २०२० मध्ये ‘डेस्पेराडोज ३’ हा गेमही याच मंडळींनी केला. २०२३ मध्ये मात्र त्यांनी स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले.

गेमचा काळ १६१५ चा आहे आणि ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इएयासूने प्रतिस्पर्धी सरदारांचा पराभव केला, १६०३ मध्ये तो शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सर्वाधिकारी, झाला आणि दोनच वर्षांनी त्याने ते पद मुलाच्या हवाली केले, तरी खरी सूत्रे त्याच्याच हातात राहिली. प्रतिस्पर्धी म्हणून ओसाकाच्या किल्ल्यात तोयोतोमी घराणे तेवढे उरले होते. १६१४ च्या हिवाळ्यात आणि १६१५ च्या उन्हाळ्यात त्या किल्ल्याला वेढे पडले, किल्ला पडला, आणि त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे जपानमध्ये तोकुगावांची सत्ता टिकली. गेमची पहिली मोहीम ओसाकाच्याच किल्ल्यात घडते. पुढे शोगुनविरुद्ध कट रचणारा जो सूत्रधार समोर येतो तो काल्पनिक आहे, परंतु नुकतीच बसलेली सत्ता, जुने हिशेब मनात ठेवून गप्प बसलेले सरदार आणि कोण कोणाचा माणूस हे कळू नये अशी हवा, हे सगळे त्या काळाला धरून आहे. शोगुनच्या बाजूने लढणारा निन्जा हीदेखील ओढूनताणून केलेली कल्पना नाही. १५८२ मध्ये इएयासूचा बलाढ्य मित्र-सरदार ओदा नोबुनागा मारला गेल्यानंतर जीव मुठीत धरून घरी परतणाऱ्या इएयासूला त्याचा सरदार हात्तोरी हान्झो याने निन्जांसाठी प्रसिद्ध असलेल्या इगा प्रांतातून सुखरूप बाहेर काढले होते, आणि पुढे इगाची माणसे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्याच्या राखणीला ठेवली गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या गेमचा सगळा डोलारा पहारेकऱ्याच्या नजरेवर उभा आहे. कोणत्याही पहारेकऱ्यावर क्लिक केले की त्याच्या डोळ्यांपासून निघालेला, पंख्यासारखा पसरत गेलेला हिरवा पट्टा जमिनीवर दिसतो. तो कुठे पाहतो, किती लांब पाहतो, कोणत्या भिंतीमागचे त्याला दिसत नाही, हे सगळे त्या पट्ट्यात रेखलेले असते. पट्ट्याचे दोन भाग असतात. जवळचा भाग सलग भरलेला असतो आणि त्यात आपण उभे असू वा वाकलेले, दिसणारच. दूरचा भाग रेघारेघांचा असतो आणि त्यात वाकून चालणारा माणूस दिसत नाही, ताठ उभा राहणारा मात्र दिसतो. पट्ट्यात पाय पडला की तत्क्षणी बोंब होत नाही. पहारेकऱ्याच्या बाजूने पिवळा रंग आपल्या दिशेने सरकू लागतो आणि तो आपल्यापर्यंत पोचला की भांडे फुटते. त्यामुळे दूरवरच्या नजरेतून क्षणभर धावत जाऊन खांबामागे पोचता येते, तर जवळच्या नजरेत तेवढी उसंत मिळत नाही.

यातली गोम अशी आहे की एका वेळी एकाच पहारेकऱ्याची नजर पाहता येते. नकाशावर पन्नास जण असले तरी पन्नास पंखे एकदम उघडता येत नाहीत, म्हणजे माहिती पूर्ण असली तरी ती एकेका चमच्याने मिळते आणि ती डोक्यात जोडण्याचे काम आपल्याला करावे लागते. नवखा खेळाडू ज्याला मारायचे आहे त्याची नजर तपासतो. मुरलेला खेळाडू ज्याला मारायचे आहे त्याला कोण पाहत आहे हे तपासतो. त्यासाठी गेममध्ये एक सोयही आहे: जमिनीवरच्या एखाद्या जागी खूण ठेवली की ती जागा कोणाकोणाला दिसते हे कळते. ही खूण वापरण्याची सवय लागली की अर्धे अपघात टळतात, आणि तरीही पहिल्या काही मोहिमांत तिची आठवण कोणालाच होत नाही.

आवाजाचेही असेच आहे. धावले की पायांचा आवाज होतो, वाकून चालले की होत नाही, आणि प्रत्येक कृतीचा आवाज कुठवर जाईल याचे वर्तुळ पडद्यावर दिसते. अंधारात पहाऱ्याची नजर आखूड होते, म्हणून रात्रीच्या मोहिमांत मशाल विझवणे हेदेखील शस्त्र ठरते. शिवाय विझलेली मशाल पुन्हा पेटवायला कोणीतरी येतो, आणि तो येणार हे आपल्याला ठाऊक असते. बर्फ पडलेल्या ठिकाणी पावलांचे ठसे उमटतात. बर्फातली मोहीम मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा निन्जाला मोठ्या शिताफीने झुडपात नेऊन लपवले आणि चहा घ्यायला उठलो. परत आलो तर एक पहारेकरी मान खाली घालून, ठसा न् ठसा न्याहाळत थेट त्या झुडपाकडे चालला होता. पुढे हीच गोष्ट मी मुद्दाम करू लागलो, कारण ठसे पाहून एकटाच येणारा पहारेकरी हा आयता चालून आलेला बकरा असतो.

पहारेकरी सगळे सारखे नसतात. साधा पहारेकरी दगडाचा आवाज आला की पाहायला जातो, वाटेत दारूची बाटली दिसली की तिच्याकडे वळतो. गवती टोपी घातलेला जागा सोडत नाही. आवाजाकडे मान वळवील, पण पाऊल हलवणार नाही. सामुराई हे तिसरे प्रकरण. तो वेषांतराला फसत नाही आणि एरवीच्या वाराने मरत नाही. त्याला आपल्या बाजूच्या मुगेनसारखा तलवारबाज तरी भिडावा लागतो, नाहीतर आधी बंदुकीच्या गोळीने तो काही क्षण गुडघ्यावर यावा लागतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी जाऊन त्याचे काम तमाम करावे लागते. आणि हो, गावातली साधी माणसेही असतात. ती आपल्याला काही करत नाहीत, फक्त पाहिले की ओरडतात.

आपल्याकडची पाच माणसे म्हणजे या कुलपांच्या पाच किल्ल्या. निन्जा हायातोकडे शुरिकेन, म्हणजे फेकून मारायची धारदार चकती, आणि लक्ष वेधायला दगड असतो. मुगेन हा सामुराई एका झटक्यात आसपासच्या अनेकांना लोळवतो आणि दोन मृतदेह एकदम खांद्यावर टाकून नेतो, मात्र त्याला दोरावरून भिंत चढता येत नाही. युकी ही पोरसवदा चोरटी शीळ घालून पहारेकऱ्याला बोलावते आणि वाटेत सापळा लावून ठेवते. देह मात्र तिला हळूहळू फरफटत न्यावा लागतो. आइको वेष पालटून पहारेकऱ्यांत उजळ माथ्याने वावरते, त्यांना बोलण्यात गुंतवते आणि शिंका आणणारी पूड फेकून त्यांची नजर अधू करते. लाकडी पायाचा म्हातारा ताकुमा लांबून नेम धरतो. त्याच्या बंदुकीविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जपानमध्ये तोड्याची बंदूक १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर पोचली आणि त्या बंदुकांची धाटणी गोव्याच्या पोर्तुगीज शस्त्रशाळेतल्या बंदुकांची होती असे मानले जाते. म्हणजे ताकुमाच्या हातातल्या हत्याराचे आजोळ मांडवीच्या काठी निघण्याची बरीच शक्यता आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ते माझे आहे, कोणत्याही एका मोहिमेतले नाही, पण अशा मांडण्या प्रत्येक नकाशावर भेटतात. एका वाड्याचे अंगण आहे. फाटकात गवती टोपीवाला रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. अंगणात विहिरीजवळ दोघे जण शेजारीशेजारी उभे असून त्यांची तोंडे फाटकाकडे आहेत. ओसरीवर सामुराई आहे आणि त्याची नजर विहिरीजवळच्या दोघांच्या पाठीवर पडते. एक फिरता पहारेकरी फाटकापासून विहिरीवरून ओसरीसमोर येतो, धान्याच्या कोठारामागे जातो आणि फेरा पूर्ण करून परततो. आपण रस्त्याच्या बाजूला झुडपात बसलो आहोत आणि आपल्याला ओसरीमागच्या दारातून आत शिरायचे आहे.

सर्वात जवळचा फाटकवाला, म्हणून सगळे पहिल्यांदा त्याच्यावरच झडप घालतात, आणि तो कोसळताच विहिरीजवळचे दोघे ओरडतात. बरे, मग आधी ते दोघे घ्यावेत, तर ते सामुराईच्या डोळ्यांसमोर आहेत. सामुराईला आधी घ्यावे, तर फिरता पहारेकरी दर फेऱ्याला ओसरीसमोर येतो आणि तिथे पडलेला देह त्याला दिसणारच. प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्याला बांधलेला आहे. हा दोऱ्याचा गुंता आहे, आणि गुंता कुठूनही ओढला तर अधिकच घट्ट होतो. त्याचे मोकळे टोक शोधावे लागते. येथे ते टोक फिरत्या पहारेकऱ्याजवळ आहे, कारण कोठारामागे गेल्यावर तो काही क्षण कोणालाच दिसत नाही.

तेव्हा युकीने मागची भिंत दोरावरून चढून कोठारामागे उतरावे, सापळा लावावा आणि दूर सरकावे. फिरता पहारेकरी नेहमीच्या ठरलेल्या पावली येतो आणि सापळ्यात सापडतो. त्याला फरफटत झुडपात न्यावे आणि सापळा आठवणीने उचलून घ्यावा. त्याच वाटेने हायातो आत येऊन ओसरीच्या बाजूला दबा धरतो. सामुराईकडे पाहणारा आता कोणी उरलेला नाही. आवाजाचे वर्तुळ विहिरीपर्यंत पोचत नाही याची खात्री करून ताकुमाने लांबच्या टेकाडावरून गोळी झाडावी, सामुराई लडखडताच हायातोने पुढे होऊन वार करावा. राहिले विहिरीजवळचे दोघे. त्यांतला एक पडला तर दुसरा ओरडेल, म्हणून ते एकाच क्षणी पडले पाहिजेत: एकावर हायातोची शुरिकेन, दुसऱ्यावर युकीचा सुरा. त्यानंतर फाटकवाला उरतो. तो अजूनही रस्त्याकडे पाहत उभा आहे, आणि त्याच्या पाठीशी असलेल्या अंगणात त्याचे कोणीही उरलेले नाही. जो सर्वात जवळ होता त्याची पाळी सर्वात शेवटी आली, हे लक्षात घ्यावे.

दोघांना एकाच क्षणी पाडायचे कसे, याची सोय गेममध्ये आहे आणि तिला शॅडो मोड म्हणतात. या अवस्थेत प्रत्येक पात्राला एकेक कृती नेमून द्यायची, कोणी कुठे जायचे व कोणावर वार करायचा ते आखून ठेवायचे, आणि मग एका बटणासरशी सगळे एकदम कामाला लागतात. येथे एक गैरसमज हमखास होतो. आखणी करताना काळ थांबत नाही. पहारेकऱ्यांचे फेरे चालूच राहतात. बेत आखताना सगळे जागच्या जागी असतात आणि बटण दाबेपर्यंत एक जण चार पावले सरकलेला असतो, त्यामुळे आखणी आधी करून ठेवावी आणि बटणावर बोट ठेवून योग्य क्षणाची वाट पाहावी, हाच मार्ग आहे. तीन-तीन, चार-चार पात्रांच्या कृती जुळवून आणलेला डाव साधला की जो आनंद होतो तो पत्त्यांत हातात काही नसताना मारलेल्या बाजीच्या जातीचा आहे.

साठवून ठेवण्याच्या सवयीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पुष्कळांना त्यात कमीपणा वाटतो. कळफलकावरची एफ-५ ही कळ दाबली की खेळ त्या क्षणी साठवला जातो, एफ-८ दाबले की तिथूनच पुन्हा सुरू होतो. बराच वेळ साठवले नाही तर गेम स्वतःच पडद्यावर किती वेळ झाला ते दाखवून टोकत राहतो. ज्याने गेम बनवला तोच घड्याळ दाखवून ‘आता साठवा’ म्हणत असेल तर ती लबाडी कशी होईल? एक फेरा पाहावा, एक अंदाज बांधावा, तो करून पाहावा, चुकला तर परतावे, अशाच पद्धतीने हा गेम रचलेला आहे, आणि न साठवता खेळण्याचा हट्ट पहिल्या खेपेला धरणारा माणूस तिसऱ्या मोहिमेच्या आसपास गेम काढून टाकतो असा माझा अनुभव आहे. फक्त एक पथ्य पाळावे: आणीबाणीत सापडलेले असताना साठवू नये. पहारेकरी झुडपापासून दोन पावलांवर असताना घाबरून एफ-५ दाबले की पुढच्या प्रत्येक एफ-८ ला तो दोनच पावलांवर असतो. अलीकडचे मोजकेच क्षण गेम जपून ठेवतो, तेही अशाच क्षणांनी भरून गेले तर मोहीम पहिल्यापासून सुरू करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

बोंब झालीच तर काय, हेही समजून घ्यावे. आसपासच्या घरांतून कुमक बाहेर पडते आणि शोधाशोध थांबल्यावरही ती माणसे परत घरात जात नाहीत. ती तिथेच पहाऱ्याला राहतात. म्हणजे चूक पचवून पुढे जाऊ म्हटले तरी तिची वसुली नव्या पहारेकऱ्यांच्या रूपाने होते. आपल्या पाचांपैकी एक जरी मेला तरी मोहीम फसते, त्यामुळे तलवार उपसून सरळ भिडण्याचा मार्ग थोड्याच वेळात बंद होतो. काहींना हे जाचक वाटते. मला वाटते की ही कडक शिस्त नसती तर वर सांगितलेला गुंता सोडवण्याचे कष्ट कोणी घेतलेच नसते.

माझी सर्वात लक्षात राहिलेली फजिती शुरिकेनची आहे. एका रात्रीच्या मोहिमेत पाऊण तास खपून सात पहारेकरी मी एकामागून एक असे पाडले की एकाचा देहही कोणाच्या नजरेस पडला नव्हता. शेवटचा हायातोच्या शुरिकेनने पडला आणि मी पुढच्या फाटकाकडे निघालो. तिथे शुरिकेन फेकायची वेळ आली तेव्हा कळले की ती फेकल्यानंतर परत आणावी लागते, आणि ती अंगणाच्या मधोमध, उजेडात राहिली होती. ती आणायला गेलो, आणि ज्याच्या फेऱ्याचा हिशेब पाऊण तास चोख ठेवला होता त्याच पहारेकऱ्याच्या पंख्यात ताठ उभा राहिलो. वाकायला विसरलो होतो.

सुरुवात करणाऱ्याने सर्वात सोपी पातळी निवडण्यात काही वावगे नाही; वरच्या पातळ्यांवर नजरेचा पिवळा रंग झपाट्याने भरतो आणि चुका सावरायला वेळ मिळत नाही, पण गुंता तोच राहतो. बोलणे जपानीत ठेवून खाली इंग्रजी ओळी वाचण्याची सोय आहे, ती घ्यावी. पहारेकऱ्यांची आपसातली कुजबुज त्या भाषेत फार खरी वाटते. मोहीम एकदा पार पडली की तिच्यासाठी नवी आव्हाने समोर येतात. ठरावीक वेळेच्या आत संपवणे, एखादे साधन न वापरणे, एकदाही बोंब होऊ न देणे, असे त्यांचे स्वरूप असते. ज्या अंगणात आपण तीन तास घालवले तिथे पुन्हा उतरल्यावर सर्वप्रथम नजर जाते ती कोठारामागच्या त्या फिरत्या पहारेकऱ्याकडे. तो अजूनही त्याच फेऱ्यावर असतो, आणि आपले बोट एफ-५ कडे जाण्याआधी युकीच्या सापळ्याकडे वळलेले असते.